दुःखातल्या माणसाला ‘नाम घ्या’ म्हणावं का?

गावभागातली_ताई

नमस्कार मंडळी. मी इथे रोज वाचते, लिहिते क्वचित. पण एक गोष्ट चार महिने सलतेय, म्हणून धागा काढला.

मी सांगलीत गावभागात राहते. माहेर माण तालुक्यातलं, गोंदवल्यापासून जवळ. घरात दोन पिढ्या गोंदवलेकर महाराजांचं नाम चालू आहे. आजी जात्यावर बसली तरी तिचे ओठ हलत असायचे. आमचे हे गेले त्या रात्री मला दुसरं काही सुचत नव्हतं. पहाटेपर्यंत मी ‘श्रीराम जय राम जय जय राम’ हीच तेरा अक्षरं म्हणत बसले होते आणि त्यांनीच मला सकाळ दाखवली. हे सांगते अशासाठी, की नाम माझ्यासाठी वरवरची गोष्ट नाही.

समोरच्या घरात एक बाई राहते. माझ्यापेक्षा बारा वर्षांनी लहान, मला ताई म्हणते. वाटीभर साखरेपासून दवाखान्यात सोबत जाण्यापर्यंत सगळं एकमेकींचं. मार्चमध्ये तिचा तेवीस वर्षांचा मुलगा मोटारसायकलच्या अपघातात गेला. मी चौथ्या दिवशी तिच्याजवळ बसले. ती रडत होती. मी तिचा हात धरला आणि म्हणाले, “रडू नकोस गं. सगळं रामाच्या इच्छेनं होतं. नाम घे, शांत वाटेल.” महाराजांच्या प्रवचनांचं पुस्तक पिशवीत होतं, तेही तिच्यापुढे ठेवलं.

तिनं माझ्याकडे पाहिलं, हात सोडवून घेतला आणि आत निघून गेली. त्या दिवसापासून बोलणं बंद. सकाळी मी रांगोळी काढायला आले की ती दार लोटून घेते. पुस्तक तिच्या जावेच्या हातून परत आलं.

माझ्याकडे होतं त्यातलं सगळ्यात मोलाचं मी तिला दिलं होतं. मग चुकलं काय? आपली श्रद्धा दुसऱ्याला सांगायचीच नाही का? की सांगायची, पण कधी आणि कशी? अनुभव असतील तर लिहा. मला खरंच समजून घ्यायचंय.

कृष्णाकाठ

ताई, मनाला लावून घेऊ नका. तुमचा हेतू शुद्ध होता. नाम सांगायला कसली वेळ बघायची? दुःखात नाही सांगायचं तर कधी? आज ना उद्या तिला पटेल.

गावभागातली_ताई

दादा, हेतू मला माहीत होता, तिला कुठे दिसत होता? तिच्या कानावर फक्त शब्द पडले.

मिरजेची_सिस्टर

ताई, वाचून पोटात तुटलं. मी ख्रिस्ती आहे. परिचारिका म्हणून सव्वीस वर्षं मिरजेत काम केलं, आता निवृत्त आहे. तुमचा प्रश्न आमच्या कामाच्या पायातच होता. डॉ. वानलेस इथे आले ते मिशनरी म्हणूनच, आणि १८९४ साली इस्पितळ उभं राहिलं. सेवा आणि श्रद्धा एकाच छपराखाली. मग सांगायचं कधी आणि गप्प राहायचं कधी, हे रोज ठरवावं लागायचं.

नोकरीच्या पहिल्या वर्षी एका वयस्कर सिस्टरनं मला बाजूला घेऊन सांगितलं होतं, “पेशंट आडवा आहे, तू उभी आहेस. तुझं बोलणं नको असेल तर त्याला उठून जाता येत नाही. म्हणून त्यानं विचारल्याशिवाय प्रभूचं नाव काढायचं नाही.” ते मी शेवटपर्यंत पाळलं. तुमच्या शेजारणीला निदान उठून आत जाता आलं.

आमच्या बायबलमध्ये पेत्राच्या पहिल्या पत्रात एक वचन आहे. तुमच्या आशेचं कारण जो कोणी विचारेल, त्याला उत्तर द्यायला तयार असा, पण सौम्यतेनं आणि आदरानं, असा त्याचा भावार्थ. लोक ‘तयार असा’ एवढंच पाठ करतात. ‘जो कोणी विचारेल’ हे आधी येतं, ते राहून जातं.

मी सुई टोचण्याआधी मनातल्या मनात प्रार्थना करायचे. एकदा विट्याकडच्या एका आजींनी पाहिलं. “बाय, सुई टोचायच्या आधी ओठ का गं हलवतीस?” मी सांगितलं. त्या म्हणाल्या, “मग माझ्यासाठी बी कर. मी माझ्या रेवणसिद्धाला सांगते.” दोघींनी आपापलं केलं. त्या आजी घरी जाताना माझ्या हातात शेंगांची पिशवी देऊन गेल्या.

कृष्णाकाठ

सिस्टर, राग मानू नका, पण गोड बोलूनच धर्मांतरं होतात असं आम्ही ऐकतो. तुमचं सांगणं आणि ताईंचं सांगणं एक कसं?

मिरजेची_सिस्टर

राग कसला. तुम्ही तोंडावर विचारलंत हे बरं केलंत. औषध, नोकरी, फी माफी असलं काही पुढे करून जो श्रद्धा सांगतो, तो माझ्याही प्रभूचा अपमान करतो. मी तसं केलं नाही, आणि माझ्या समोर कुणी केलं असतं तर गप्प बसले नसते. त्या आजी रेवणसिद्धाच्याच राहिल्या. मला त्यात काही कमी वाटलं नाही.

राजवाडा_चौक

साताऱ्यात वकिली करतो, म्हणून कायद्यापुरतं थोडक्यात. राज्यघटनेच्या कलम २५ नं प्रत्येकाला आपला धर्म मानण्याचा, आचरण्याचा आणि त्याचा प्रसार करण्याचाही हक्क दिलाय. सार्वजनिक सुव्यवस्था, नीतिमत्ता आणि आरोग्य यांच्या अधीन राहून. १९७७ साली सर्वोच्च न्यायालयानं स्टॅनिस्लॉस खटल्यात स्पष्ट केलं, की प्रसार म्हणजे आपल्या धर्माची तत्त्वं इतरांपुढे मांडणं. दुसऱ्याचं धर्मांतर करण्याचा हक्क त्यात येत नाही, कारण समोरच्यालाही सदसद्विवेकाचं तेवढंच स्वातंत्र्य आहे. कलम २८ शाळांबद्दल आहे. सरकारी अनुदान घेणाऱ्या संस्थेत धार्मिक शिक्षणाला किंवा उपासनेला बसण्याची सक्ती करता येत नाही. विद्यार्थी अल्पवयीन असेल तर पालकांची संमती लागते.

पण ताईंच्या प्रश्नाला कलम पुरत नाही. त्यांना हक्क होताच. हक्क असूनही तो शब्द त्या दिवशी बोलावा का, एवढाच प्रश्न उरतो, आणि त्याचा निकाल कोर्टात लागत नाही.

वारणेचा_ऊस

आम्ही दिगंबर जैन, वाळवा तालुक्यातले शेतकरी. सूर्यास्ताच्या आत जेवण, कांदा-बटाटा नाही. साखर कारखान्यात नोकरीला लागलो तेव्हा सगळे रात्री एकत्र जेवायला बसायचे आणि मी साडेपाचलाच डबा संपवायचो. कुणी काही म्हणालं नाही, मीही काही सांगितलं नाही. तिसऱ्या वर्षी एका सोबत्यानं विचारलं, “पाटील, अंधार पडल्यावर खात का न्हाईस?” अंधारात बारीक जीव दिसत नाहीत, ते पोटात जाऊ नयेत म्हणून, एवढंच बोललो. तो गप्प झाला. पुढच्या आठवड्यात त्यानं स्वतःहून माझ्यासाठी दिवस मावळायच्या आत चहा सांगायला सुरुवात केली. तो आजही मटण खातो. आमची मैत्री चाळीस वर्षांची आहे.

आमच्याकडे अनेकांत म्हणतात. वस्तूला पुष्कळ बाजू असतात आणि मला दिसते ती त्यातली एक. हे मनात पक्कं असलं की दुसऱ्यापुढे आवाज आपोआप खाली येतो. ताई, तुम्ही ‘सगळं रामाच्या इच्छेनं होतं’ म्हणालात. त्याऐवजी ‘मला रामाचा आधार वाटतो’ म्हणाला असता तर? पहिलं वाक्य तिच्या मुलाबद्दल होतं, दुसरं तुमच्याबद्दल झालं असतं.

गावभागातली_ताई

हे वाचून मी बराच वेळ नुसती बसून राहिले. तिच्या मुलाबद्दल बोलायचा मला काय अधिकार होता.

म्हसवडचा_बापू

ताय, म्या लय शिकल्याला न्हाय. लेकरू टाइप करून देतंय. हितं समदी म्हनत्यात, इचारल्याबिगर सांगू नये. माझं जरा येगळं हाय.

म्या लय दारू प्यायचो. चार एकरातली दोन एकर गेली. बायकू माहेरी गेली. कुनी जवळ येत न्हवतं. येक शेजारी हुता, माळकरी. आखाडी जवळ आली की माझ्या दारात यायचा आन म्हनायचा, “बापू, माउलीची पालखी लोणंदला येत्येय. चल माझ्याबर.” म्या शिव्या घालायचो. त्यो जायचा. मंग वरीसभर त्या इषयाचा येक सबूद न्हाय. कांदं काढायला मदत करायचा, औत द्यायचा, पन माळ, दारू, पाप, कायबी काढायचा न्हाय. वरसातनं येकदाच इचारायचा. तीन वर्सं. चवथ्या वरसाला म्या गेलो. चांदोबाच्या लिंबाला उभं रिंगन बघितलं, आन घोडा पळाला तवा माझ्या डोळ्याला धारा लागल्या. त्या दिसापास्नं थेंब घेतला न्हाय.

म्या त्येला कवा इचारलं हुतं? कवाच न्हाय. त्यो इचारल्याबिगर बोलला म्हनून म्या हाय. म्हनून सांगतो, ताय, बोलनं सोडू नका. फकस्त येकदा बोलून थांबायचं. माझ्या शेजाऱ्याचं थांबनं माझ्या ध्येनात ऱ्हायलं.

कृष्णाकाठ

बापू, डोळे भरून आले.

कराडची_सून

मला दुसऱ्या बाजूनं लिहायचंय.

सासरचे सगळे एका सत्संगात आहेत. नाव लिहीत नाही, माणसं वाईट नाहीत. लग्नानंतर दुसऱ्या महिन्यात सासूबाईंनी अनुग्रह घ्यायला सांगितलं. मी म्हणाले, थोडा वेळ द्या. तेव्हापासून रोज काहीतरी. भाजी खारट झाली तरी “अनुग्रह घेतला असता तर मन लागलं असतं”. दुसऱ्यांदा दिवस गेले आणि ते बाळ राहिलं नाही, तेव्हा घरात पाहुण्यांसमोर तेच बोललं गेलं. मी मोरीत जाऊन रडले.

ज्याच्या घरात आपण राहतो, ज्याच्या हातात तिजोरीची किल्ली असते, त्याचं सांगणं नुसतं सांगणं राहत नाही, त्याचा हुकूम होतो. सिस्टर, तुमचं ते आडव्या पेशंटचं वाचलं आणि वाटलं, सुना वर्षानुवर्षं तशाच पलंगावर असतात. सासूबाई खरंच श्रद्धाळू आहेत. पहाटे चारला उठून ध्यानाला बसतात तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर जे असतं ते मला आवडतं. त्या काहीच न बोलता शेजारी चटई टाकून देत्या, तर मी केव्हाच जाऊन बसले असते.

मिरजेची_सिस्टर

पोरी, बाळ राहिलं नाही हे तू एका ओळीत लिहून पुढे गेलीस. ते मी वाचलं. व्यक्तिगत संदेश पाठवते.

विवेकवाट_सातारा

मी अंधश्रद्धा निर्मूलनाचं काम करतो. डॉ. दाभोलकर आमच्याच साताऱ्याचे. त्यांची २० ऑगस्ट २०१३ ला पुण्यात हत्या झाली, त्यानंतर या कामाला लागलेला मी एक. माझी कबुली इथे लिहावीशी वाटते, कारण ताईंची चूक मीही केलीय, उलट्या बाजूनं.

२५ जानेवारी २००५. मांढरदेवच्या यात्रेत चेंगराचेंगरी झाली, शेकडो माणसं गेली. माझी आजी तिथे होती. रात्री उशिरा ती घरी पोचली, चपला हरवलेल्या, लुगडं फाटलेलं. बोलत नव्हती. मी तेव्हा कॉलेजात होतो, नुकतंच वाचायला लागलो होतो. मी तिला म्हणालो, “बघ तुझ्या काळूबाईनं काय केलं. आता तरी उघड डोळे.”

माझ्या म्हणण्यात तर्क होता. पण ती तेरा तास माणसांच्या आकांतातून आली होती आणि मी तिला पाणीसुद्धा विचारलं नव्हतं. आजी पुढे सहा वर्षं जगली. देवाबद्दल माझ्याशी पुन्हा कधी बोलली नाही. मी घरी असलो की ती देवघराचं दार लावून घ्यायची. मी तिची श्रद्धा तसूभर हलवली नाही, फक्त तिला माझ्यापासून लपायला शिकवलं.

आमच्या समितीची भूमिका पहिल्यापासून अशी, की देवाधर्माला विरोध नाही, देवाधर्माच्या नावानं होणाऱ्या शोषणाला आहे. ती भूमिका मला तोंडपाठ होती. त्या रात्री ती कुठे गेली? आता मी गाडगेबाबांकडून शिकतो. दिवसा हातात खराटा घेऊन गाव झाडायचं आणि रात्री कीर्तनात लोकांनाच प्रश्न विचारायचे. उत्तर लोकांच्या तोंडून यायचं. ज्याची गल्ली आपण झाडली नाही, त्याच्या देवघरात बोट दाखवायचा हक्क नाही, असं मी आता मानतो. श्रद्धावान असो की नास्तिक.

गावभागातली_ताई

दादा, तुम्ही आजीला पाणी विचारलं नाहीत हे लिहिलंत आणि मला आठवलं, मी तिच्याकडे रिकाम्या हातानं गेले होते. सुतकाच्या घरात चौथ्या दिवशी कोणी पिठलं-भाकरी नेतं, कोणी चहा. मी पुस्तक नेलं.

तंबोऱ्याचं_गाव

आमचं मिरजेत वाद्यांचं काम, पिढ्यानपिढ्या. आम्ही मुसलमान, आणि आम्ही बनवलेला तंबोरा कुठे कुठे वाजतो ते तुम्ही जाणताच. इथल्या मीरासाहेबांच्या दर्ग्यात उरुसाला मानाचा गलेफ, म्हणजे मजारीवर घालायची चादर, चर्मकार समाजाचा असतो. खाँसाहेब अब्दुल करीम खाँ १९३७ साली गेले, त्यांची मजार याच दर्ग्यात आहे आणि उरुसात त्यांच्या स्मरणार्थ गाणं होतं. ऐकायला कोण बसलंय हे कोणी विचारत नाही.

माझ्या वर्कशॉपमध्ये दुपारची नमाज मी एका कोपऱ्यात पढतो. गिऱ्हाईक आलं असलं तर आधी त्याला खुर्ची देतो, ‘पाच मिनिटं’ म्हणतो. कोणी विचारलं तर सांगतो. कोणी पुढे होऊन वाद घालायला लागलं तर कुराणातलं एकच वचन सांगतो, “लकुम दीनुकुम वलिय दीन”. तुमचा धर्म तुम्हाला, माझा मला. आणि पुन्हा तारेला हात लावतो. तार जास्त ओढली की तुटते, ढिली सोडली की बोलत नाही. ताई, मला वाटतं तुमच्या शेजारणीची तार त्या दिवशी आधीच ताणलेली होती.

वारणेचा_ऊस

आमच्या बाजूला गोटखिंडीत १९८० पासून मशिदीत गणपती बसतो. कडेगावात मोहरमचे उंच ताबूत हिंदू-मुसलमान मिळून उचलतात. तिथे कोणी कोणाला श्रद्धा समजावून सांगत बसत नाही. खांदा लावायला बोलावतात.

आयर्विन_पूल

ऑगस्ट २०१९ चा पूर. सांगलीत आयर्विन पुलापाशी कृष्णेचं पाणी ५७ फुटांच्या पुढे गेलं होतं. आम्ही घराच्या गच्चीवरून बोटीनं निघालो आणि एका शाळेत राहिलो, सहा दिवस. मदतीला कोण नाही आलं? गुरुद्वारावाले, मदरशातली पोरं, मठाचे लोक, चर्चची गाडी, कॉलेजची मुलं.

त्यात एक गट आला. खाण्याच्या प्रत्येक पाकिटाबरोबर आपल्या पंथाची पुस्तिका द्यायचा, आणि ती हातात धरून फोटो काढायचा. कुठला पंथ ते लिहीत नाही, कारण तो माझ्याच धर्मातला होता. माझी आई दोन दिवस उपाशी होती. तिनं पाकीट घेतलं, पुस्तिका घेतली, फोटोला उभी राहिली. रात्री म्हणाली, “आज भीक घेतल्यासारखं वाटलं.” बाकीच्यांनी दिलेल्या जेवणाला ती तसं म्हणाली नाही.

मदरशातल्या एका पोरानं तिला आंघोळीसाठी गरम पाणी आणून दिलं होतं. पूर ओसरल्यावर तिनं त्याला शोधून घरी जेवायला बोलावलं आणि स्वतःहून विचारलं, “तुमच्यात रोजे कसे करतात रे?” तासभर ऐकत होती.

प्रतापसिंह_शाळेचा_मास्तर

आम्ही बौद्ध. शाळेत शिकवतो, म्हणून वर्गात स्वतःच्या धर्माचा शब्द काढत नाही. पोरं विचारतात तेव्हा सगळ्या धर्मांचं सारखंच सांगतो, आणि माझं काय ते शाळा सुटल्यावर, पालकांना ठाऊक असेल तर.

ताईंसाठी एक गोष्ट. बुद्ध आळवी नावाच्या नगरात गेले होते. एका गरीब शेतकऱ्याला त्यांचा उपदेश ऐकायचा होता, पण त्याचा बैल हरवला. दिवसभर रान पालथं घालून तो उपाशीपोटी सभेत पोचला. सगळे बुद्धांच्या बोलण्याची वाट पाहत होते. बुद्धांनी आधी विचारलं, काही अन्न शिल्लक आहे का? त्याला जेवू घातलं. तो जेवून सावरला, मगच बोलायला सुरुवात केली. भिक्खू कुजबुजायला लागले, तेव्हा म्हणाले, भूक हा सगळ्यात मोठा रोग आहे. धम्मपदात ती ओळ आहे.

भूक भाकरीचीच असते असं नाही. चार दिवसांपूर्वी पोर गेलेल्या आईला ऐकवण्याची नाही, कुणाला तरी सांगण्याची भूक असते.

गडाच्या_पायथ्याशी

सज्जनगडाजवळ राहतो. समर्थांनी दासबोधात आपल्याला जे ठाऊक आहे ते लोकांना ‘हळुहळु’ शिकवावं असं म्हटलंय. आम्ही ‘शहाणे करून सोडावे’ तेवढंच भिंतीवर रंगवतो.

कृष्णाकाठ

मी पहिल्या प्रतिसादात घाई केली. नाम सांगायला वेळ बघू नये असं लिहिलं होतं. आमच्या कुटुंबाच्या व्हॉट्सअॅप गटावर मी रोज पहाटे देवाचे फोटो आणि ‘अकरा जणांना पाठवा’ टाकतो. पुतणीनं गट सोडला तेव्हा मला तिचा राग आला होता. आज रात्री तिला फोन करतो, फोटो न पाठवता.

गावभागातली_ताई

मंडळी, नऊ दिवसांनी लिहितेय.

परवा पंचमी होती. आमच्याकडे पुरणाची दिंडं करतात. तिचा मुलगा लहानपणी ती खायला माझ्याकडेच यायचा. सकाळपासून हात चालेना. शेवटी चार दिंडं आणि तुपाची वाटी घेऊन तिच्या दारात गेले. तिनं दार उघडलं. मी म्हणाले, “त्याच्यासाठी केली होती. सवयच आहे.” बाकी काही ठरवून गेले नव्हते.

ती उंबऱ्यावरच खाली बसली. मीही बसले. मग ती बोलायला लागली, आणि दीड तास बोलत होती. अपघाताच्या सकाळी तो चहा न घेता निघाला होता, आणि तिनं त्यावरून त्याला रागावलं होतं. तो राग हे शेवटचं बोलणं. हे तिनं आजवर कोणाला सांगितलं नव्हतं. चौथ्या दिवशी ती हेच सांगायला तोंड उघडणार होती, आणि मी तिला रडू नकोस म्हणाले.

मी माफी मागितली. ती म्हणाली, “ताई, तुम्ही रामाची इच्छा म्हणालात ना, तेव्हा मला वाटलं, माझं पोर उचलून न्यायची इच्छा ज्याला झाली त्याचं नाव मी कशी घेऊ?” मी उत्तर दिलं नाही. माझ्याकडे नव्हतंच.

उठताना तिनं विचारलं, “काका गेले तेव्हा तुम्ही काय केलं होतं?” मी म्हणाले, “रात्रभर जागी होते. तोंडानं काहीतरी म्हणत होते. पहाट झाली.” काय म्हणत होते ते तिनं विचारलं नाही, मीही सांगितलं नाही.

काल सकाळी मी रांगोळी काढत होते. तिचं दार उघडं होतं. म्हणाली, शनिवारी शेवया करायच्यात, मशीन तुमच्याकडे आहे ना?

म्हसवडचा_बापू

ताय, शेवया झाल्या की हितं लिवा.